लोकल सुटली नाही, बस सुटली!

महोदय,
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे येऊन थांबली, त्या ठाण्यात आज स्थानकाच्या पुलावरून पश्चिमेला थेट ‘सॅटिस’ या बसगाड्यांच्या उन्नत मार्गावर जाता येते. बस वर, रिक्षा खाली. गर्दी असतेच, पण लोकल ते बस यांच्यामध्ये रस्ता ओलांडावा लागत नाही, हे थोडे नाही.

मी रोज उतरते त्या उपनगरी स्थानकात (नाव मुद्दाम लिहीत नाही, बहुतेकांना ते आपलेच वाटेल) नेमके उलटे आहे. पुलाच्या पायथ्याशी शेअर रिक्षांची रांग, पुढे फेरीवाले आणि बसथांबा कुठेतरी वळणापलीकडे. गेल्या आठवड्यात धावतपळत पोहोचले, तर बसचे मागचे लाल दिवे तेवढे दिसले. सोबतच्या आजींनी गुडघे सांभाळत शेवटी रिक्षाच धरली.

उन्नत मार्ग सगळीकडे परवडणार नाही, मान्य. पण पुलाच्या तोंडाशी कोणती बस किती वाजता, एवढा फलक लावायला आणि थांब्यापर्यंतची वाट मोकळी ठेवायला किती खर्च येतो? फलकावरची अक्षरे मात्र ठळक हवीत. चष्मा शोधेपर्यंत बस जाते.

– एक नियमित प्रवासी, ठाणे जिल्हा