दादा, त्या एका स्क्रूसाठी थँक यू!

दादा, तुला समोर थँक यू म्हटलं की तू लगेच विषय बदलतोस, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता वाच गपचूप.

माझ्या हाय-हॅटचं, म्हणजे ड्रमसेटमधल्या पेडलने उघडमिट होणाऱ्या झांजांच्या जोडीचं, दुखणं काय होतं ते आधी बाकीच्यांना सांगतो. स्टिकने वाजवलं की छान, पण पेडल दाबलं की "चिक" यायच्या ऐवजी नुसतं फुस्स, आणि ज्याला विचारावं तो म्हणायचा झांजा बदल, नवीन जोडी घे. तू आलास, खाली वाकलास, खालची झांज ज्या सीटवर बसते ना त्याच्या बाजूचा तो बारका स्क्रू जरासा फिरवलास आणि म्हणालास दाब आता. चिक! एकदम कडक!! मग कारण पण सांगितलंस, की दोन्ही झांजा अगदी समांतर मिटल्या की मधली हवा अडकते आणि आवाज दबतो, खालची थोडीशी तिरकी केली की हवा एका बाजूने निघून जाते. पाइस्टे कंपनीच्या साउंड एज हाय-हॅटमध्ये खालच्या झांजेची कड नागमोडी असते ती याचसाठी, काही जोड्यांमध्ये खालच्या झांजेला भोकं पण असतात. आपल्या साध्या १४ इंचीला तो स्क्रू पुरला, बास.

वरची झांज रॉडला धरून ठेवणारा क्लच पण तूच नीट लावून दिलास. खालचा नट घट्ट, नाहीतर ऐन गाण्यात वरची झांज सुटून खाली, पण वरच्या मऊ चकत्या, म्हणजे फेल्ट, मात्र आवळायचे नाहीत, झांजेला थोडं हलायला मिळालं पाहिजे. जड झांज खाली, हलकी वर, पाय उचललेला असताना मध्ये साधारण दोन बोटांचं अंतर. उंचीवरून मात्र आपलं जमणार नाही हां, तुला हाय-हॅट उंच लागतं कारण हात क्रॉस केल्यावर डाव्या हाताला स्नेअर (समोरचा छोटा ड्रम) मोकळा मारता येतो, पटतं मला ते, पण माझे खांदे भरून येतात त्यामुळे मी थोडं खालीच ठेवणार.

पण खरे आभार डाव्या पायाचे मानायचेत. स्टिक बाजूला ठेवायला लावून चार ठोक्यांपैकी नुसतं दोन आणि चारवर पेडल दाबत बसवलंस, मेट्रोनोम एवढा स्लो की झोप यावी, मी कुरकुरलो तर म्हणालास अरे हे वाद्य मुळात पायाचंच आहे, १९२० च्या दशकात झांजांची जोडी पार खाली घोट्याजवळ असायची, नुसती पायाने वाजायची, नंतर रॉड लांब झाला आणि झांजा स्टिकच्या टप्प्यात आल्या. हे ऐकल्यापासून मी पेडलकडे वेगळ्याच नजरेने बघतो.

आणि त्याचा फायदा ओपन हाय-हॅटमध्ये कळला. चारच्या "अँड"वर, म्हणजे चौथ्या ठोक्यानंतरच्या अर्ध्यावर, उघडायचं आणि बरोबर एकवर, किकसोबत (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमसोबत), बंद करायचं, यात हाताला कामच नाही फारसं, पाय वेळेवर आला नाही तर तो "त्स्स" पुढच्या बीटवर सांडतो. उघडायचं पण पाय पूर्ण उचलून नाही, टाच टेकवून पंजा जरासा सैल सोडायचा, झांजा एकमेकींना घासत राहिल्या पाहिजेत. आठ नोट सरळ वाजवताना एक स्टिकच्या दांड्याने कडेवर, पुढचा टोकाने वर, असं आलटून पालटून केलं की तोच साधा बीट चालायला लागतो, हे तर तू जाता जाता, बॅग उचलता उचलता सांगून गेलास, मी त्यावरच अजून बसलोय!

आता दोन्ही पायांनी किक वाजवायला डबल पेडल घेतलंय. हाय-हॅट स्टँडचे पाय फिरवून त्याला जागा केलीय, पण दोन्ही पाय किकवर गेले की झांजा उघड्याच राहतात, त्यासाठी वरची झांज खाली सोडून जोडी मिटवणारा ड्रॉप क्लच लागेल ना? पुढच्या वेळी आलास की तो कसा लावायचा तेवढं दाखव, आणि विषय बदलायचा नाही.