अब्बा, मोकळ्या जागेत पुन्हा सगळी सुपारी नको

श्रीवर्धन,
जानेवारीअखेर

अम्मी, अब्बा,

अस्सलामु अलैकुम.

अम्मीचा गुडघा आता वळायला लागला असं भाईकडून कळलं. अल्हम्दुलिल्लाह. डॉक्टर म्हणतील तितके दिवस मुंब्र्यालाच राहा. अम्मी, जिना चढ-उताराची घाई करू नकोस. घर, विहीर, कोंबड्या, सगळं नीट आहे.

अब्बा, तुमचा निरोप मिळाला. विहिरीपलीकडच्या मोकळ्या जागेत रोठ्याची, म्हणजे आपल्या श्रीवर्धनी सुपारीची, रोपं लावून टाक, असं तुम्ही म्हणता. फोनवर मी नुसतं "बघते" म्हटलं, कारण तुमच्याशी फोनवर वाद घालायला माझी जीभ रेटत नाही. पण मला हे मनापासून वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. त्या जागेत पुन्हा सगळी सुपारी लावू नका. थोडी लावू या. बाकीची जागा जायफळ, दालचिनी आणि मिरीला द्या.

3 जून 2020 ची, निसर्ग चक्रीवादळाची दुपार तुमच्यासमोरच गेली. दादांच्या, म्हणजे तुमच्या अब्बांच्या, हातची सुपारी कमरेत मोडून पडली, नारळ मुळासकट उपटले. त्यात लॉकडाऊन. माणूस मिळेना, करवत मिळेना, वीज कित्येक दिवस नव्हती. आपल्या आळीत ज्यांची वाडी म्हणजे निव्वळ सुपारी होती, त्यांच्या हाती काही उरलं नाही. रोप लावलं तरी पहिलं पीक यायला पाच-सहा वर्षं जातात, तोवर खायचं काय? आपलं घर त्या वर्षी अम्मीच्या भाजीवर चाललं. हे आपण घरात कधी मोठ्याने बोललो नाही, पण खरं तेच आहे.

आणि ती भाजी तिथे झाली कशी? झाडं पडली म्हणून. जिथे वर्षानुवर्षं ऊन पोचत नव्हतं, तिथे जमिनीपर्यंत ऊन आलं. कुजलेल्या झावळ्यांची माती होती, पाटाचं पाणी होतं. अम्मीने लाल माठ फेकला आणि महिन्याच्या आत जुड्या बांधायला आल्या. मग मुळा, चवळी, वांगी, मिरची. पावसाळ्यात मांडवावर पडवळ आणि शिराळी.

आता मात्र त्याच वाफ्यांवर सावली परत येते आहे. नवे माड वर गेलेत, केळी पसरल्यात. यंदा विहिरीजवळची वांगी नुसती उंच वाढली, फळ कमी. तिथे भाजीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. भाजी आता वाडीच्या कडेला आणि भाताच्या खाचरात न्यायची. भातकापणीनंतर खाचरात वाल टाकला होता, तो ओलीवरच छान आला आहे. आणि सावली जिथे भरते आहे तिथे मसाल्याची झाडं, कारण त्यांना हीच विरळ सावली लागते. दापोलीच्या विद्यापीठाची लाखी बाग म्हणतात ती हीच. चार माडांच्या मधोमध जायफळ, दोन माडांच्या मध्ये दालचिनी, माडाच्या खोडावर मिरी. त्याच पाण्यात, त्याच खतात. एक पीक बसलं तर दुसरं उभं राहतं.

तुम्ही म्हणाल, मिरी आपल्याकडे आहेच की. आहे, पण चार वेल, तेही कुंपणाच्या पांगाऱ्यावर आपोआप चढलेले. त्यांच्याकडे आपण कधी लक्ष दिलं नाही. यंदा मी दिलं. पावसाआधी बुंध्याशी शेणखत आणि ट्रायकोडर्मा (मूळकुजीला रोखणारी बुरशी) घातलं, आणि आषाढात पाणी तुंबू नये म्हणून चर काढून दिला, कारण मिरी मरते ती मूळ कुजून. आता घोसात एखाद-दुसरा मणी तांबडा दिसला की तो घोस काढते. मणी चोळून मोकळे करायचे, पातळ फडक्यात बांधायचे आणि उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून वर काढायचे. हिरवे मणी तेवढ्यातच काळपट व्हायला लागतात, आणि त्या वाफेचा वास नाकातून डोक्यात जातो. मग ओट्यावर चटईवर वाळत घालते. तीन-चार उन्हांत कडक होतात, सगळे सारखे काळे आणि चकचकीत. अम्मी, आपण नुसतीच वाळवायचो तेव्हा काही मणी तपकिरी राहायचे ना, तसं होत नाही. तीन किलो ओल्याची साधारण किलोभर सुकी होते. थोडी डब्यात भरून भाईकडे पाठवते आहे. नुसत्या मटणाच्या रश्शात घालून बघ.

जायफळाचं एकच झाड वादळातून वाचलं, पण काय झाड आहे! पिवळं फळ आपोआप तडकतं आणि आत करवंदी रंगाच्या टरफलावर लालभडक जायपत्री जाळीसारखी गुंडाळलेली दिसते. ती हलक्या हाताने सोडवून सावलीत सुकवली की केशरी-पिवळी होते, आणि बाजारात तिला जायफळाहून जास्त भाव. सालीचं लोणचं घातलं आहे. अब्बा, नवी झाडं मात्र कलमंच घ्यायची. बीपासून केलेलं रोप नर निघालं तर ते सहा-सात वर्षांनी फुलल्यावर कळतं, आणि नराला फळ नाही. कलमाला हा धोका नाही, शिवाय ते लवकर धरतं. दहा मादी झाडांमागे एक नर पुरतो.

हळद अजून काढायची आहे. पानं पिवळी पडून लोळली, पंधरा दिवसांत खणायला घेईन. गणपतीत शेजारच्या काकू दरवर्षीसारखी पातोळ्यांना पानं घेऊन गेल्या, आणि अम्मी, तुझ्यासाठी पातोळ्यांचा डबा देऊन गेल्या. तू नव्हतीस, मीच खाल्ल्या.

जकातीचं, म्हणजे धर्माने सांगितलेल्या दानाचं, तुम्ही विचारलंत. आपण शाफई पंथाचे, त्यामुळे शेतमालाची जकात भातासारख्या साठवणीच्या धान्यावर, तीही ठरलेल्या मापाच्या वर पिकलं तरच. भाजीवर आणि मिरीवर नाही. असं मौलवीसाहेबांनी पुन्हा सांगितलं. भात पावसावरचं म्हणून दहावा हिस्सा धरायचा, विहिरीचं पाणी शेंदून पिकवलं असतं तर विसावा. यंदाचं भात मोजून ठेवलं आहे, हिशेब वहीत आहे. पण भाजीची पहिली तोड शेजारपाजारी आणि मोहल्ल्यातल्या दोन घरी देण्याचा अम्मीचा रिवाज मी मोडलेला नाही. वानरं येतात तेव्हा मात्र मला राग येतो. तुम्ही सांगायचा ती पैगंबरांची हदीस आठवते, की लावलेल्या झाडाचं पाखराने, जनावराने खाल्लं तरी तो सदका, पुण्याचं दान. तरी फटाके लावून हाकलतेच. शिराळीचा अख्खा मांडव खाली ओढतात, अब्बा, नुसतं खात नाहीत.

रमजान तोंडावर आहे. कोथिंबीर, पुदिना आणि काकडी त्या हिशेबाने पेरली आहे. इफ्तारच्या वेळी बाजारात ताज्या मालाला ओढ असते. त्या पैशांतून कलमांची सोय होईल, तुमच्याकडे मागायची वेळ येणार नाही. खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून शेणखत आणि पालापाचोळा भरून ठेवीन, लागवड पहिल्या पावसावर.

भाई म्हणतो, एवढा खटाटोप कशाला, जमिनीला गिऱ्हाईक आहे, बंगल्यासाठी मागतात. त्याला माझी काळजी आहे हे मला समजतं. पण अब्बा, मला इथेच राहायचं आहे. ही वाडी मला नीट करता येते. लोक "लेक वाडी बघते" असं आश्चर्याने म्हणायचे, आता मिरीची छाटं मागायला येतात.

तेव्हा दोन गोष्टी कळवा. एक, माझं म्हणणं तुम्हाला पटतं का. पटत नसेल तर का नाही, तेही सांगा. तुम्ही चाळीस पावसाळे ही जमीन पाहिली आहे. दुसरं, कुंपणावरच्या चार वेलांपैकी तुम्ही बाहेरगावाहून आणलेला कोणता? विहिरीकडचा की फाटकाजवळचा? त्याचाच घोस लांब आणि भरगच्च असावा असा माझा अंदाज आहे, पण तुमच्या तोंडून कळलं म्हणजे बरं. बुंध्याजवळून जमिनीवर धावणारे फुटवे फेब्रुवारीतच कापून पिशव्यांत लावावे लागतात, म्हणून उत्तर लवकर द्या.

अम्मीचे व्यायाम चुकवू देऊ नका. भाभीला आणि मुलांना दुआ.

तुमची लेक