ठाणं आईच्या उजव्या बाजूला आणणाऱ्या रिक्षावाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. कौपिनेश्वराच्या देवळासमोरून काठी टेकत चाललेल्या एका आजींना आणि त्यांच्या चिडलेल्या मुलीला तुम्ही रिक्षात घेतलंत. ती चिडलेली मुलगी मी.

चिडायला कारण होतं. 'जुनं ठाणं दाखवतो' म्हणून आगाऊ पैसे घेतलेल्या मंडळींनी ऐनवेळी आईला मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसवलं. काठी आहे, सावकाश चालते, हे सगळं आधी सांगितलं होतं. तरी "आजींना नाही झेपायचं, बाकीच्यांचा खोळंबा होतो" म्हणाले आणि हसत-खिदळत फोटो काढत पुढे गेले. मग रिक्षावाल्यांची रांग. जवळचं भाडं ऐकलं की समोर बघत नुसती मान हलवायची, हा प्रकार ठाणेकरांना सांगायला नको. तुम्ही मात्र म्हणालात, "बसा मावशी. उतरायचं काम नाय, सगळं बसल्या जागी दाखवतो."

आई नाशिकची, शाळेत इतिहास शिकवायची. 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि 19 एप्रिल 1910 ला कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली, हे तिनं वर्गामागून वर्गांना सांगितलं. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे, म्हणजे तिच्या माजी विद्यार्थ्यांच्या वयाचे. पण तो तुरुंग तिनं कधी पाहिला नव्हता. तिला ती भिंत बघायची होती, बाकी काही नाही दिसलं तरी चालेल म्हणत होती.

भिंत आली ती डाव्या हाताला. आईचा डावा डोळा काचबिंदूनं गेलाय. ती आख्खी मान वळवून, दांडा धरून बघायची धडपड करत होती. मी काही बोलायच्या आतच तुम्ही आरशातून विचारलंत, "मावशी, कुठल्या डोळ्यानं दिसतं?" अगदी 'सुट्टे आहेत का' विचारावं तसं. "उजव्या," ती म्हणाली. तुम्ही पुढे जाऊन रिक्षा वळवलीत, भिंत तिच्या उजव्या हाताला आणलीत आणि इंजिन बंद केलंत.

काका, एवढंच सांगायला हे पत्र लिहिलंय. काचबिंदू झाल्यापासून नातेवाईक, डॉक्टर, शेजारी सगळे तिला 'जपून' म्हणतात. तिला कुठून दिसतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा तिच्या डाव्या बाजूला बसून हात धरण्यापलीकडे गेले नव्हते.

मग तिचा तासच सुरू झाला. हा मुळात किल्ला. पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमाराला बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांनी. पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे 1816 साली इथल्याच कैदेतून निसटले. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगऱ्यांना 1848 मध्ये इथं फासावर दिलं, असं ती म्हणाली तेव्हा तुम्ही मागे वळलात, "आमच्या अकोले तालुक्यातले ते!" पुढची काही मिनिटं तुम्ही बोलत होतात आणि आई ऐकत होती. बाई ऐकून घेत आहेत, हे दृश्य आमच्या घरात दुर्मीळ आहे.

नंतर तलावाजवळचं जुनं चर्च, बेने इस्रायली ज्यू मंडळींचं 1879 चं सिनेगॉग. दर वेळी रिक्षा अशी उभी, की जागा तिच्या उजव्या हाताला. कुठे त्यासाठी फेरा पडला, मागच्यांचे हॉर्न ऐकावे लागले. शेवटी स्टेशन. 16 एप्रिल 1853 ची ती मुंबईहून ठाण्याला आलेली पहिली गाडी, 14 डबे, 400 प्रवासी, हे तिनं तुम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि तुम्ही "आणि आज एका डब्यात तेवढेच" म्हणालात. ती हे अजून सगळ्यांना सांगते.

'जुनं ठाणं' दाखवणाऱ्या त्या मंडळींना सनावळ्या तुमच्यापेक्षा जास्त येत असतील. येऊ देत. सोबत आलेल्या माणसाकडे नीट बघण्याची सवय मला त्यांच्यापेक्षा मोठी वाटते, आणि ती असलेली माणसं अजून भर रस्त्यात भेटतात याचं त्या दिवसापासून बरं वाटतंय.

फेऱ्यांचं भाडं तुम्ही घेतलं नाहीत, मीटरही मध्येच बंद केलात. आईला ते पटलेलं नाही. तिला आता घोडबंदरचा किल्ला बघायचाय. हे वाचलंत तर एखाद्या रविवारी सकाळी कौपिनेश्वरापाशी या. पूर्ण भाडं घेणार असाल तरच, असं तिनं बजावून लिहायला सांगितलंय.