अमर शेख आपल्या बार्शीचे, पोरांना कळू द्या

संपादक साहेब, नमस्कार.
शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब पटेल, १९१६ साली आपल्याच सोलापूर जिल्ह्यात बार्शीत जन्मले, गिरणीत राबले, संपात उतरले आणि १९४४ ला अण्णाभाऊ साठे, शाहीर गवाणकरांसोबत लाल बावटा कलापथक काढलं. माझे वडील मिल कामगार, ते सांगायचे की डफावर थाप पडली नि शेखांनी आवाज लावला की पार शेवटच्या माणसाच्या अंगावर काटा यायचा, संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला लोक भाषणाआधी पोवाडाच मागायचे. परवा नातवाला विचारलं तर कोण ते म्हणाला, फार वाईट वाटलं. हुतात्मा स्मृती मंदिराच्या सभागृहात वर्षातून एक संध्याकाळ त्यांच्या गाण्यांची ठेवा ना, तिकीट नको, आणि पुढच्या खुर्च्या विडी कामगार बायकांना द्या.

एक वाचक, सोलापूर