किमतीचे गणितही शिकवा
महोदय,
फार्मसीच्या वर्गात औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ पाठ होतो. गणित फळ्यावर येतच नाही. किमान एक टक्का बाजारहिस्सा असलेल्या ब्रँडच्या, दुकानदाराला पडणाऱ्या किमतींची साधी सरासरी, अधिक १६ टक्के: ही अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधाची कमाल किंमत. समजा, एकाच गोळीचे तीन ब्रँड २०, ३० आणि ७० रुपयांना पडतात. सरासरी ४०, कमाल ४६.४०; जीएसटी वेगळा. कुणाचा खप किती, हे सरासरीत धरतच नाहीत, म्हणून महागडा ब्रँड मर्यादा वर ओढतो. यादीबाहेरच्या औषधांना बंधन फक्त वर्षाला दहा टक्के वाढीचे. पहिली किंमत कंपनीच्या मर्जीची! अशा एखाद्या जेनेरिक गोळीची स्ट्रिप आणि दुकानाचे खरेदी बिल शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना नफा काढायला लावा. प्रात्यक्षिकाच्या वहीत एक पान पुरेल.
– फार्मसीचे दोन अध्यापक, सांगली