‘ऑन’चा आकडा कोणत्याच कागदावर नसतो

मा. संपादक यांस,
स. न.

वेटिंगवरची गाडी आधी बुक करून ठेवायची आणि हातात आली की वर ‘ऑन’, म्हणजे किमतीपेक्षा जादा रक्कम, घेऊन दुसऱ्याला द्यायची, हा धंदा चेतक स्कूटरच्या काळापासून चालत आला आहे. आज बेळगाव, निपाणी, संकेश्वर भागात तो थार रॉक्स, इनोव्हा हायक्रॉसपासून कोटीच्या पुढच्या लँड क्रूझरपर्यंत गेला आहे. बोलणी होतात ती फक्त ‘ऑन’ किती यावर. कागदांचे काय, हे कोणी विचारत नाही, आणि माणूस अडकतो तो तिथेच.

गाडी अडवून ठेवायला फार भांडवल लागत नाही. स्कॉर्पिओ-एनचे बुकिंग ३० जुलै २०२२ ला सुरू झाले आणि अर्ध्या तासात लाखाचा आकडा गाठला गेला. थार रॉक्सला ३ ऑक्टोबर २०२४ ला पहिल्या तासात १,७६,२१८ नोंदी झाल्या. बुकिंगची रक्कम होती २१ हजार रुपये. यातला प्रत्येक जण स्वतः चालवण्यासाठीच रांगेत होता, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

व्यवहार दोन तऱ्हेने होतो. पहिल्यात पासिंगच्या (आरटीओ नोंदणीच्या) आधीच बुकिंगवरचे नाव बदलते आणि बिल थेट खऱ्या घेणाऱ्याच्या नावाने निघते. शोरूममधल्या कोणाची तरी साथ असल्याशिवाय हे होत नाही, आणि ‘ऑन’ रोखीत जातो. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणे आयकर कायद्याने बंद आहे. दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो आणि तो रोख रक्कम घेणाऱ्यावर बसतो. देणाऱ्याकडे मात्र पावती नसते. उद्या गाडीत दोष निघाला तर ‘ऑन’ परत मागायला त्याला तोंड नाही.

दुसऱ्या तऱ्हेत गाडी आधी बुकिंगवाल्याच्या नावावर पास होते, मग विकली जाते. सीमाभागात खरा घोळ होतो तो इथे. समजा, पेट्रोल गाडीची शोरूम किंमत २५ लाख आहे. कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला आजीवन कर १८ टक्के आणि त्या करावर ११ टक्के उपकर, म्हणजे जवळपास ५ लाख रुपये. कोल्हापुरात तीच गाडी १३ टक्क्यांत, सव्वातीन लाखांत पास होते. आता केए २२ (बेळगाव) किंवा केए २३ (चिकोडी) पासिंगची गाडी कागलपलीकडच्या माणसाने घेतली, तर फॉर्म २८ वर एनओसी (ना हरकत दाखला) काढून महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. गाडी जवळपास नवी असल्याने त्यात सूटही नाममात्रच. कर्नाटकाच्या करातला परतावा मागता येतो, पण नव्या पासिंगचा पुरावा जोडून मूळ आरटीओकडे अर्ज करावा लागतो आणि तेवढे दिवस पैसे अडकून पडतात. ‘ऑन’ तीन लाख ठरला असेल, तर कोणाच्या तरी खिशातून तो या करातच जातो.

हा खर्च टाळायला सर्रास एकच वाट धरली जाते. गाडी नावावर करायचीच नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट चिकटवलेला, तारखेची आणि घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी. असे कागद गाडीबरोबर या हातातून त्या हातात फिरत राहतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केले की, आरटीओच्या दफ्तरात ज्याचे नाव, तोच मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक चौघांना विकली गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. लाखभर ‘ऑन’ कमावून मोकळे झालो असे ज्यांना वाटते, त्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

घेणाऱ्याचे नुकसान विम्यात आहे. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, कंपनीच्या जाहीर किमतीवरून ठरते. सहा महिन्यांच्या आतल्या गाडीला ५ टक्के, वर्षाच्या आत १५ टक्के वजा होतात. गाडी चोरीला गेली की ‘ऑन’चे पैसे शून्य. बिलाइतकी भरपाई देणारे रिटर्न टू इन्व्हॉइसचे जादा कवच असले तरी ते बिलापुरतेच, आणि बिलात ‘ऑन’ नसतो. शिवाय थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग पॉलिसी नावावर करून घेतल्याशिवाय मिळत नाही. त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा. नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) विकणाऱ्याकडेच राहतो.

कर खात्याला यातले काही दिसत नाही, हा समज चुकीचा आहे. १० लाखांवरच्या गाडीवर शोरूम १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेते आणि ती नोंद पॅनवर जाते. घरची वापरलेली एक गाडी विकली तर ती वैयक्तिक वस्तू धरली जाते. पण एकाच पॅनवर वर्षात तीन-चार गाड्या आल्या आणि गेल्या, तर तो नफा धंद्याचा ठरतो. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या अनेक कारखानदारांची गाडी फर्मच्या नावावर असते. त्यांनी तर जास्तच सावध राहावे. जुन्या गाडीच्या मार्जिनवर, म्हणजे खरेदी आणि विक्री किमतीतल्या फरकावर, जानेवारी २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे आणि घसारा दाखवला असेल तर मार्जिन घसारा वजा किमतीवरून मोजतात. ५० लाखांच्या गाडीवर १५ टक्के घसारा घेतला, पुस्तकी किंमत साडेबेचाळीस लाख झाली आणि गाडी ५५ लाखांना विकली, तर मार्जिन ५ लाख नव्हे, साडेबारा लाख. कर सव्वादोन लाख.

वेटिंग कायम टिकेल यावर बेत आखणाऱ्यांचे काय होते, हे २२ सप्टेंबर २०२५ ने दाखवले. मोठ्या एसयूव्हींवरचा जीएसटी व उपकर मिळून ५० टक्के होता, तो ४० झाला. २५ लाखांची गाडी एका रात्रीत सुमारे १ लाख ६७ हजारांनी उतरली. जुन्या बिलाने गाडी घेऊन गिऱ्हाईक शोधत बसलेल्यांचा ‘ऑन’ त्यातच गेला.

कंपन्यांनी ठरवले तर हे रोखता येते. लँड क्रूझर ३०० आली तेव्हा २०२१ मध्ये टोयोटाने जपानमध्ये ग्राहकांकडून वर्षभर गाडी न विकण्याची हमी लिहून घेतली होती. फोर्डने जीटी दोन वर्षे न विकण्याची अट घातली आणि ती मोडल्याबद्दल २०१७ मध्ये प्रसिद्ध कुस्तीगीर जॉन सीना यांच्यावर दावा लावला. आपल्याकडे निदान एवढे व्हावे: बुकिंगवरचे नाव फक्त घरातल्या व्यक्तीच्या नावे बदलू द्यावे, आणि मॉडेलनिहाय वेटिंगचा क्रमांक शोरूममध्ये फलकावर लावावा.

जुन्या गाड्यांच्या डीलरना १ एप्रिल २०२३ पासून आरटीओची अधिकृतता घेणे बंधनकारक आहे. गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी ने ऑनलाइन गेली की पुढची जबाबदारी डीलरवर येते, कोऱ्या सह्यांची गरजच उरत नाही. बेळगाव, चिकोडी, बैलहोंगल आणि गोकाक आरटीओंनी आपापल्या हद्दीतल्या अधिकृत डीलरांची यादी कार्यालयाच्या दारात लावावी. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत.

आपले,
वाहन व्यवहार व कर सल्ल्याच्या क्षेत्रातील वाचक
टिळकवाडी, बेळगाव