सातपूर-अंबडच्या पाळ्या आणि पुरुषांचे टेन्शन

माननीय संपादक,
स. न.

'टेन्शन आहे' असे सांगत डॉक्टरकडे येणारे पुरुष थोडेच. ते ॲसिडिटी, मानदुखी किंवा वाढलेले बीपी घेऊन येतात. झोप लागत नाही, पोरांवर उगाच ओरडणे होते, हे तर घरचे माणूस सोबत असेल तरच कळते. गोळ्या मिळतात, मूळ दुखणे तसेच राहते. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमधली कंत्राटी नोकरी आणि दर आठवड्याला बदलणारी पाळी, घराचे हप्ते, निफाड-दिंडोरीत द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंतचे चार-पाच महिने पावसाची आणि केवडा रोगाची धास्ती. हे ताण रविवारी सोमेश्वरला जाऊन आल्याने उतरत नाहीत. शरीर रोज थोडे खाली आणावे लागते.

सगळ्यात सोपा उपाय श्वासाचा आणि तोच सर्वाधिक चुकीचा केला जातो. पाठ टेकून बसावे, एक हात पोटावर ठेवावा, नाकाने चार सेकंद श्वास घ्यावा आणि सहा सेकंदांत सोडावा. मिनिटाला सहा श्वास, पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोनदा. त्यातली एक वेळ कामावरून येऊन घरात शिरण्यापूर्वीची असावी. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, म्हणून सोडणे लांब ठेवायचे. अनेक जण छाती फुगवून जोरजोरात श्वास घेतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, गरगरते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. असे झाले तर श्वास उथळ करावा, लय तीच ठेवावी. राग चढल्यावरच करून उपयोग नाही, आधीचा सराव नसेल तर त्या क्षणी जमत नाही.

संध्याकाळी पंधरा मिनिटे वही घेऊन बसावे, झोपेच्या किमान दोन तास आधी. डावीकडे काळजी, उजवीकडे पुढचे काम आणि वार. 'कर्ज' एवढेच लिहिले तर काळजी वाढते. 'सोमवारी सोसायटीत जाऊन थकबाकीचा नेमका आकडा घेणे' असे लिहिले तर रात्री मन तिथेच घुटमळत नाही.

तंबाखूने टेन्शन उतरते हा समज फार पक्का आहे, त्यामुळे थोडे सविस्तर. निकोटीन साधारण दोन तासांत रक्तात निम्म्यावर येते आणि बेचैनी सुरू होते. पुढची पुडी ती बेचैनी शमवते, श्रेय मात्र 'टेन्शन गेले' असे मिळते. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात मोडते, म्हणून पहाटे तीनला डोळे उघडतात. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. चहा झोपेच्या सहा तास आधी थांबवावा. रातपाळीत तो पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागातच घ्यावा.

छातीत दुखले तर ते टेन्शनच असेल असे गृहीत धरू नये, आधी ईसीजी.

दोन आठवडे मन उदास असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल तर घरगुती उपायांवर थांबू नये. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 वर चोवीस तास, मोफत आणि मराठीत बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर त्याच क्षणी फोन करावा आणि माणसाला एकटे ठेवू नये. फवारणीची औषधे कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. तो टोकाचा आवेग अनेकदा काही काळात ओसरतो, तेवढ्या वेळात विष हाताशी नसणे जीव वाचवते. 'तसले विचार येतात का?' असे थेट विचारल्याने विचार बळावत नाहीत, हे घरच्यांनी निर्धास्तपणे लक्षात ठेवावे.

कंपन्यांकडे आमची मागणी खर्चिक नाही. वार्षिक तपासणीत झोप आणि उदासीनता यांबद्दल दोन प्रश्न विचारावेत, पण उत्तरे सुपरवायझरच्या हाती जाऊ नयेत, नाहीतर खरे कोणी सांगणार नाही. 14416 हा क्रमांक पंचिंग मशीनजवळ लावावा. पाळ्या फर्स्ट, सेकंड, थर्ड अशाच क्रमाने फिरवाव्यात. उलट क्रमाने फिरवल्या तर शरीराला जुळवून घेणे अवघड जाते आणि मधल्या झोपेचे तास कापले जातात.

आपले,
कामगार आरोग्यक्षेत्रातील काही डॉक्टर व समुपदेशक, नाशिक